स्ट्रक्चरचा सातबारा

एका पुस्तकाची नोंद ठेवायची आहे. नाव म्हणून एकच अक्षर, मग किंमत, मग पानांची संख्या. सी भाषेत अशी वेगवेगळ्या जातीची माहिती एकत्र बांधायला ‘स्ट्रक्चर’ वापरतात. अक्षराला १ बाइट, अपूर्णांकातल्या किमतीला ४ बाइट आणि जुन्या टर्बो सीमध्ये पूर्णांकाला २ बाइट लागत. बेरीज ७, आणि टर्बो सीला विचारलं तर तोही ७ च सांगायचा. हीच नोंद आज लिनक्सवर जीसीसी कंपायलरला द्या आणि ‘साइझऑफ’नं तिचा आकार विचारा. उत्तर येतं १२.

नागपूरच्या यशवंत कानेटकरांच्या ‘लेट अस सी’नं आपल्याकडच्या कित्येक बॅचेसना सी शिकवली. पुस्तकाची ही नोंद अनेकांना तिथूनच आठवत असेल. टर्बो सी बोर्लंड कंपनीनं १९८७ मध्ये आणला. त्याची ती निळी खिडकी जगातून हद्दपार झाल्यावरही आपल्या कॉलेजांच्या लॅबमध्ये बरीच वर्षं तग धरून होती. त्यामुळे सातवर वाढलेली आणि बारावर वाढलेली अशा दोन्ही पिढ्या आज एकाच ऑफिसात शेजारी बसून काम करतात.

मी पुण्यात फर्मवेअर लिहिते. फर्मवेअर म्हणजे यंत्राच्या पोटातल्या छोट्या चिपवर चालणारा प्रोग्रॅम. त्याला स्क्रीन नसते, बऱ्याचदा बटणही नसतं. नवी मुलं मुलाखतीला आली की मी त्यांना पुस्तकाचा हाच प्रश्न घालते. कुणी सात म्हणतं, कुणी नऊ. बारा म्हणणारेही असतात. का, असं विचारलं की ते झटक्यात सांगतात, “मॅम, पॅडिंग.” कुणाच्या सोयीसाठी, असं पुढे विचारलं की शांतता. नोकरभरतीच्या एका ऑनलाइन चाचणीत तर ‘सात’ हेच बरोबर उत्तर धरलेलं मी पाहिलंय, आणि कंपायलर कोणता याचा प्रश्नात पत्ताच नव्हता. मुलांना काय बोलणार?

सात आणि बारा यांतले २ बाइट लगेच उलगडतात. टर्बो सीच्या काळात पूर्णांक २ बाइटांचा होता, आता तो ४ चा आहे. म्हणजे बेरीज झाली ९. उरलेले ३ बाइट रिकामे आहेत. मेमरीतला नकाशा असा दिसतो:

बाइट ० : नावाचं अक्षर
बाइट १ ते ३ : रिकामे
बाइट ४ ते ७ : किंमत
बाइट ८ ते ११ : पानं

शेतीच्या सातबाऱ्यावर गटाचं एकूण क्षेत्र लिहिलेलं असतं, पण ते सगळंच कसता येत नाही. नाला, खडक अशी जागा ‘पोटखराब’ म्हणून वेगळी दाखवतात. ती मालकाच्याच नावावर असते आणि एकूण क्षेत्रातही धरतात, पीक मात्र तिच्यात निघत नाही. आपले ३ बाइट तसेच आहेत. मेमरी त्यांनी अडवली आहे, माहिती मात्र त्यांत काही नाही. साइझऑफ सांगतो ते पोटखराब धरून एकूण क्षेत्र.

पण कंपायलरनं ही जागा सोडलीच कशाला? त्यासाठी प्रोसेसर मेमरी कशी वाचतो ते पाहू. मेमरीतल्या प्रत्येक बाइटला ०, १, २, ३ असा पत्ता असतो. एकेक बाइट मागवणं परवडत नाही, म्हणून प्रोसेसर एका खेपेत अनेक बाइट उचलतो. ३२ बिटांचा मार्ग असेल तर एका खेपेत ४ बाइट येतात: ० ते ३, नंतर ४ ते ७. आता ४ बाइटांची किंमत १ ते ४ या पत्त्यांवर ठेवली, तर तिचे तीन बाइट पहिल्या खेपेत येणार आणि चौथा दुसऱ्या. दोन खेपा मारा, नको ते बाइट टाका, उरलेले जोडा. हीच किंमत ४ ते ७ वर ठेवली की एका खेपेत काम होतं. ४ बाइटांची वस्तू ४ नं भाग जाणाऱ्या पत्त्यावर आणि २ बाइटांची वस्तू सम पत्त्यावर ठेवायची, या शिस्तीला ‘अलाइनमेंट’ म्हणतात. ती पाळण्यासाठी मध्ये सोडलेली जागा म्हणजे ‘पॅडिंग’.

ही शिस्त सी भाषेच्या जन्मापासूनची आहे. अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये डेनिस रिची यांनी सी घडवली ती पीडीपी-११ या यंत्रावर. या यंत्रात प्रत्येक बाइटला स्वतंत्र पत्ता होता, पण २ बाइटांचा शब्द विषम पत्त्यावरून मागितला तर यंत्र काम थांबवून चूक दाखवायचं. १९७३ च्या सुमारास स्ट्रक्चर या भाषेत आली आणि त्याच वर्षी युनिक्सचा गाभा सीमध्ये नव्यानं लिहिला गेला. पत्त्यांचं हे बंधन भाषेच्या पाठीशी तेव्हापासूनच होतं.

पुढच्या प्रोसेसरांचे स्वभाव निरनिराळे निघाले. इंटेलचा १९७८ चा ८०८६ समजूतदार होता. विषम पत्त्यावरचा शब्द तो द्यायचा, फक्त घड्याळाचे ४ ठोके जास्त घ्यायचा. मोटोरोलाच्या ६८००० ला तडजोड मान्य नव्हती, तो थेट ‘अ‍ॅड्रेस एरर’ द्यायचा. सनच्या स्पार्क यंत्रांवर काम केलेल्यांना ‘बस एरर’ हे शब्द आजही विसरता येत नाहीत. सगळ्यांत बेरकी जुने आर्म प्रोसेसर. त्यांच्यातले बरेचसे चुकीच्या पत्त्यावरून वाचताना तक्रारही करत नसत आणि नीट वाचतही नसत. आकड्याचे बाइट फिरवून भलताच आकडा हातात ठेवत. प्रोग्रॅम चालू राहतो आणि उत्तर चुकतं, याहून वाईट बग नाही.

आजच्या लॅपटॉपमधला इंटेल किंवा एएमडीचा प्रोसेसर असं वाचन बहुतेक वेळा विनातक्रार आणि फारसा वेळ न दवडता करतो. तिथे प्रोसेसर मेमरीतून एकदम ६४ बाइटांची ‘कॅश लाइन’ उचलतो, आणि आकडा अशा दोन लाइनींच्या सीमेवर पसरला तरच किंमत मोजावी लागते. म्हणून लॅपटॉपवर शिकलेल्या मुलांना अलाइनमेंट ही इतिहासजमा गोष्ट वाटते. आमच्या टेबलावरच्या कॉर्टेक्स-एम० चिपला ते माहीत नसतं. तिला ४ बाइटांचा आकडा ४ नं भाग न जाणाऱ्या पत्त्यावरून मागा, ती ‘हार्डफॉल्ट’मध्ये जाऊन बसते. शेतातल्या पंपावर बसवलेलं यंत्र हार्डफॉल्टमध्ये गेलं, तर ते कळायला कुणाला तरी तिथवर जावं लागतं.

कंपायलरचे नियम मोजकेच आहेत. पहिलं फील्ड शून्यावर. पुढचं प्रत्येक फील्ड आपल्या अलाइनमेंटला जुळणाऱ्या लगेचच्या पत्त्यावर. आणि अख्ख्या स्ट्रक्चरचा आकार त्यातल्या सर्वांत कडक फील्डच्या अलाइनमेंटच्या पटीत. तिसरा नियम पुष्कळांच्या नजरेतून सुटतो. ४ बाइटांचा एक आकडा आणि त्यामागे १ बाइटचं अक्षर असं स्ट्रक्चर ५ चं नसतं, ८ चं असतं. शेवटी ३ बाइट कशाला, पुढे तर काही नाहीच? कारण अशी स्ट्रक्चर ॲरेमध्ये रांगेनं बसतात. पहिलं ५ वर संपलं तर दुसऱ्यातला आकडा ५ पासून सुरू होईल आणि शिस्त पहिल्याच पावलाला मोडेल.

आता क्रमाचा खेळ. शीतगृहातलं तापमान नोंदवणारा एक छोटा लॉगर आम्ही करत होतो. एका नोंदीत सेन्सरचा क्रमांक (१ बाइट), वेळ (४), दार उघडं की बंद (१), तापमान (२) आणि बॅटरीची पातळी (१), एवढंच. क्रम ग्राहकानं पाठवलेल्या एक्सेलच्या रकान्यांवरून जसाच्या तसा उचललेला होता. माहिती ९ बाइटांची, आणि नकाशा असा:

बाइट ० : सेन्सर
बाइट १ ते ३ : रिकामे
बाइट ४ ते ७ : वेळ
बाइट ८ : दार
बाइट ९ : रिकामा
बाइट १० व ११ : तापमान
बाइट १२ : बॅटरी
बाइट १३ ते १५ : रिकामे

एकूण १६, त्यांतले ७ रिकामे. नोंदी साठवायला ६४ केबीची ईईप्रॉम चिप होती, म्हणजे ६५,५३६ बाइट. त्यात १६ च्या हिशेबानं ४,०९६ नोंदी मावतात. दर १० मिनिटांना एक वाचन म्हणजे दिवसाला १४४. चिप २८ दिवसांत भरते. ग्राहकाला हवा होता पुरा महिना, ३१ दिवस, म्हणजे ४,४६४ नोंदी. मोठी चिप लावणं हा मार्ग होता, पण यंत्रं हजारांनी निघायची असली की चिपमागचा एकेक रुपया खरेदी विभागाच्या डोळ्यांवर येतो.

आम्ही फील्डं मोठ्याकडून लहानाकडे लावली. आधी वेळ, मग तापमान, मग सेन्सर, दार, बॅटरी. वेळ ० ते ३, तापमान ४ व ५, बाकीचे तिघं ६, ७, ८ वर आणि शेवटी ३ रिकामे. आकार १२. एकही फील्ड कमी केलं नाही, फक्त ओळी वरखाली केल्या.

पण गोष्ट इथे संपली नाही. ईईप्रॉमला स्वतःची पानं असतात, या चिपमध्ये १२८ बाइटांची. लिहिता लिहिता पानाची हद्द ओलांडली तर चिप पुढच्या पानावर जात नाही, त्याच पानाच्या सुरुवातीला वळते आणि तिथला जुना मजकूर खोडते. १६ च्या नोंदी एका पानात बरोब्बर ८ बसत होत्या. १२ च्या १० बसतात आणि ८ बाइट उरतात. अकरावी नोंद अर्धी या पानावर आणि अर्धी त्या पानावर लिहिण्यापेक्षा आम्ही ते ८ बाइट प्रत्येक पानाच्या शेवटी मोकळे सोडले. कंपायलरच्या पॅडिंगवर कात्री चालवली आणि दुसऱ्या पातळीवर आपल्या हातांनी पॅडिंग घातलं! ५१२ पानं, प्रत्येकी १० नोंदी, एकूण ५,१२०. महिना झाकून वर चार दिवस. रिकामी जागा दिसली की ती वायाच गेली असं मला तेव्हापासून वाटत नाही. ती कुठल्या सोयीसाठी सोडली आहे, हे आधी पाहावं लागतं.

मग हे वरखाली करण्याचं काम कंपायलरच का करत नाही? सीच्या नियमानुसार फील्डं लिहिलेल्या क्रमानंच मेमरीत यायला हवीत. कंपायलर मध्ये जागा सोडू शकतो, क्रम बदलू शकत नाही. आमच्या धंद्याला याचा मोठा आधार आहे. चिप बनवणाऱ्या कंपन्या टायमर, सिरियल पोर्ट अशा भागांच्या रजिस्टरांचा नकाशा आम्हाला स्ट्रक्चरच्या रूपातच देतात. कंपायलरनं स्वतःच्या हुशारीनं फील्डं हलवली, तर टायमर चालू करायला जाऊ आणि बिट पडेल भलत्याच रजिस्टरमध्ये. रस्ट या नव्या भाषेनं उलटी वाट धरली आहे. तिथे कंपायलरला क्रम बदलायची मुभा असते, आणि सीसारखाच क्रम हवा असेल तर तो वेगळा मागावा लागतो. सीमध्ये क्रम लिहिणाऱ्याचा, म्हणून त्याची जबाबदारीही लिहिणाऱ्याची.

इथवरचा सगळा व्यवहार घरातला. कंपायलर आणि प्रोसेसर यांनी आपसांत काय ठरवलंय, याच्याशी बाहेरच्याला देणंघेणं नसतं. अडचण येते ती स्ट्रक्चर जशीच्या तशी फाइलमध्ये लिहिली किंवा तारेवर पाठवली की.

बीएमपी या चित्रांच्या फाइलचंच पाहा. फाइलच्या सुरुवातीचं शीर्षक १४ बाइटांचं: २ बाइटांची खूण, ४ बाइटांचा फाइलचा आकार, २ आणि २ राखीव, आणि चित्र कुठून सुरू होतं ते सांगणारे ४. हे स्ट्रक्चर म्हणून लिहिलं की खुणेनंतर २ बाइटांचं पॅडिंग येतं आणि आकार होतो १६. त्यात फाइल वाचायला गेलं की खुणेच्या पुढची सगळी फील्डं दोन घरं सरकतात. फाइलचा आकार अचाट येतो आणि मुलं फाइलच खराब आहे असं समजून दुसरी फाइल शोधायला जातात. विंडोजच्या आपल्या हेडर फाइलमध्ये मायक्रोसॉफ्टनं या स्ट्रक्चरभोवती ‘पॅक’ची खास सूचना लिहून ठेवली आहे, ती याचसाठी.

१४ हा आकडा नेटवर्कवाल्यांच्याही वाट्याला आला. इथरनेटच्या पाकिटाचं शीर्षक १४ बाइटांचं असतं: घेणाऱ्याचा पत्ता ६, पाठवणाऱ्याचा ६ आणि प्रकार २. त्यामागे आयपीचं शीर्षक येतं आणि त्यात ४ बाइटांचे पत्ते असतात. पाकीट ४ नं भाग जाणाऱ्या जागेवर उतरवलं, तर आयपीचा भाग १४ वर सुरू होतो आणि त्यातले पत्ते वाकड्या जागी येतात. लिनक्सनं यावर केलेला उपाय मला फार आवडतो. पाकीट उतरवण्याआधी २ बाइट मोकळे सोडायचे, म्हणजे आयपीचा भाग १६ वर सुरू होतो. इंटेलच्या जातीच्या प्रोसेसरांना वाकडं वाचन जड जात नाही, म्हणून त्यांच्यापुरते हे २ बाइट शून्य केलेले आहेत. जिथे गरज आहे, तिथे सोडतात.

यंत्र बदललं की घरातले करारही बदलतात. एक अक्षर आणि एक ‘डबल’ जातीचा अपूर्णांक असं स्ट्रक्चर ६४ बिटांच्या लिनक्सवर १६ बाइटांचं होतं, ३२ बिटांच्या इंटेल लिनक्सवर १२ चं, आणि ३२ बिटांच्या विंडोजवर पुन्हा १६ चं. ‘लाँग’ हा पूर्णांक ६४ बिटांच्या लिनक्सवर ८ बाइटांचा, तर ६४ बिटांच्या विंडोजवर ४ चा. म्हणून दोन यंत्रांमध्ये माहिती जाणार असेल, तर कोणता बाइट कुठे हे कागदावर ठरवायचं आणि एकेक फील्ड त्या बरहुकूम लिहायचं. काम कंटाळवाणं आहे, पण एकदाच करावं लागतं.

रिकामे बाइट खरोखर रिकामे नसतात, हेही ध्यानात ठेवावं. त्या जागी आधी जे पडलेलं होतं, तेच तिथे राहतं. त्यामुळे दोन स्ट्रक्चरमधली सगळी फील्डं सारखी असूनही बाइटला बाइट लावून तुलना केली, तर ती वेगळी निघू शकतात. गंभीर प्रकार ऑपरेटिंग सिस्टिममध्ये होतो. कर्नलनं एखादं स्ट्रक्चर भरून ते वापरकर्त्याच्या प्रोग्रॅमला दिलं आणि पॅडिंग पुसलं नाही, तर त्या फटींतून कर्नलच्या मेमरीतले तुकडे बाहेर जातात. लिनक्समध्ये अशा गळत्या वेळोवेळी सापडल्या आणि बुजवल्या गेल्या.

“मग पॅक्ड करून टाकू ना, मॅम,” हा नव्या मुलांचा लाडका उपाय. ‘पॅक्ड’ म्हटलं की कंपायलर एकही फट सोडत नाही आणि आमची नोंद ९ बाइटांवर येते. पण मग आमच्या चिपवर वेळेचा ४ बाइटांचा आकडा वाचायला कंपायलर बाइटामागून बाइट उचलून जोडत बसतो. प्रोग्रॅम फुगतो आणि मंदावतो. त्याहून वाईट म्हणजे कुणी त्या फील्डचा पत्ता साध्या पॉइंटरमध्ये घेऊन दुसऱ्या फंक्शनला दिला, तर ते फंक्शन पत्ता सरळ आहे असंच समजून वाचतं, आणि पुढे हार्डफॉल्ट. जीसीसी नवव्या आवृत्तीपासून याबद्दल आपणहून वॉर्निंग देतो, पण वॉर्निंग वाचायची सवय लागते. बाहेरून आलेल्या ठरीव साच्याची माहिती ओळखायला पॅक्ड वापरावं. रोजच्या हिशेबाला नको.

फटी शोधायला साधनंही चांगली आहेत. ब्राझीलच्या अर्नाल्डो कार्वाल्हो दे मेलो यांनी लिहिलेलं ‘पाहोल’ प्रत्येक स्ट्रक्चरमधली भोकं, त्यांचा आकार आणि कॅश लाइनीच्या सीमा ओळीनं छापून देतं. लिनक्स कर्नलवर काम करणारी मंडळी ते नेहमी वापरतात. लाखोंनी तयार होणाऱ्या स्ट्रक्चरमधले ८ बाइट वाचले की खरंच फरक पडतो. एकदाच तयार होणाऱ्या सेटिंगच्या स्ट्रक्चरमध्ये तेवढेच ८ बाइट वाचवायला दुपार घालवू नये. तिथे वाचणाऱ्याला कळेल असा क्रम जास्त मोलाचा.

आमच्या लॉगरच्या कोडमध्ये नोंदीच्या स्ट्रक्चरखाली एक ओळ कायमची आहे. २०११ च्या सीनं आणलेलं ‘स्टॅटिक असर्ट’ वापरून तिथे बजावून ठेवलंय की या नोंदीचा आकार १२ च असला पाहिजे. मध्यंतरी आमच्याकडे नव्यानं आलेल्या एका मुलानं आर्द्रतेसाठी २ बाइटांचं फील्ड अगदी वर, वेळेच्याही आधी टाकलं. आकार गेला १६ वर आणि बिल्ड तिथेच थांबली. तो माझ्याकडे विचारायला आला नाही. नकाशा कागदावर काढला, ते फील्ड तापमानाखाली नेलं आणि त्याच्या लक्षात आलं की शेवटी ३ बाइट मोकळे आहेतच, त्यांतले २ वापरता येतात. आकार पुन्हा १२. ग्राहकाला आता आर्द्रताही मिळते, त्याच चिपमध्ये, तेवढ्याच दिवसांसाठी.